ग्रीससाठी, आईसाठी

ग्रीसमधून अमेरिकेत गेलेल्या पहिल्या पिढीला खेळायला वेळ नव्हता. १८९० ते १९१७ या काळात साडेचार लाखांच्या आसपास ग्रीक माणसं अटलांटिक ओलांडून गेली. त्यांत बहुतेक पुरुष होते, आणि त्यांतले पुष्कळ पेलोपोनीस या दक्षिणेकडच्या डोंगराळ द्वीपकल्पातले. तिथली घरं मनुकांच्या पिकावर चालत. १८९० च्या दशकात युरोपच्या बाजारात मनुकांचा भाव कोसळला आणि कर्जात रुतलेल्या बापांनी हाताशी आलेली पोरं बोटीवर चढवली. बहिणींचा हुंडा उभा करायचा, गहाण पडलेली जमीन सोडवायची आणि चार-पाच वर्षांत गावी परतायचं, असा सगळ्यांचा हिशेब होता. पुष्कळांचा तो चुकला. कुणी लोवेलच्या कापड गिरण्यांत अडकला, कुणी पश्चिमेकडच्या खाणींत आणि रेल्वेच्या कामावर. बारा-चौदा वर्षांची मुलं शहरांच्या चौकांत मुकादमाच्या हाताखाली बूट पुसत बसली. संध्याकाळी सगळे ग्रीक कॉफीगृहात जमायचे. तिथे पत्ते, गावाकडची पत्रं आणि गावाकडचंच राजकारण चालायचं.

अमेरिकेला ही माणसं नकोशी होती. २१ फेब्रुवारी १९०९ रोजी नेब्रास्कातल्या साउथ ओमाहामध्ये जमावाने ग्रीक वस्ती जाळली, दुकानं फोडली आणि हजारभर ग्रीकांना गाव सोडायला लावलं. एका ग्रीक माणसाच्या हातून पोलीस मारला गेला, हे निमित्त झालं. पण शिक्षा साऱ्या वस्तीला मिळाली. पुढे गोऱ्यांचं वर्चस्व मानणाऱ्या कू क्लक्स क्लॅनच्या टोळ्यांनी दक्षिणेत ग्रीकांच्या उपाहारगृहांवर बहिष्कार घालायला सुरुवात केली, तेव्हा १९२२ मध्ये अटलांटात काही ग्रीक व्यापारी एकत्र आले आणि त्यांनी आहेपा ही संघटना काढली. इंग्रजी शिका, नागरिकत्व घ्या आणि इथलेच व्हा, असं ती आपल्या लोकांना सांगत होती. तरीही १९२४ च्या स्थलांतर कायद्याने ग्रीसचा कोटा वर्षाला फक्त १०० माणसांवर आणला. दार जवळजवळ बंदच झालं. जे आत होते ते आत राहिले, आणि ज्यांची माणसं मागे होती ती मागेच राहिली.

अशा लोकांना आपल्यातला एखादा ताठ मानेने उभा राहिलेला बघायचा असतो. तो त्यांना आधी कुस्तीच्या रिंगणात सापडला.

ख्रिस्तोस थियोफिलू हा आर्गोसजवळच्या कुत्सोपोदी गावचा, भरल्या घरातला मुलगा. कोवळ्या वयात तो घरातून पळाला आणि अमेरिकेला पोहोचला. बोटीवर पोऱ्या म्हणून राबला, बांधकामावर गेला, चित्रकलेच्या वर्गात शरीराचा नमुना म्हणून उभा राहिला. फिरत्या जत्रेत कसरतपटूंना वरच्या वर झेलायचं कामही त्याने केलं. याच कामाने त्याचे खांदे आणि पाठ घडली असावी. कुस्तीत उतरला तेव्हा गवंड्याचा पोशाख घालून तो रिंगणात यायचा आणि ‘गिलावा करणारा मल्ल’ म्हणून त्याची जाहिरात व्हायची. मग त्याने नाव बदललं आणि जिम लोंडोस झाला. उंची पाच फूट आठ इंच, वजन नव्वद किलोच्या आसपास. मल्लांच्या मानाने ठेंगणाच, पण देह असा रेखीव की आयोजकांनी त्याच्यासमोर मुद्दाम ओबडधोबड आणि भयंकर दिसणारे मल्ल उभे करायला सुरुवात केली. प्रतिस्पर्ध्याला खांद्यावर आडवा घ्यायचा, गरगर फिरवायचा आणि आपटून चितपट करायचा, हा त्याचा ठेवणीतला डाव. लोक त्याला ‘गोल्डन ग्रीक’ म्हणू लागले.

६ जून १९३० रोजी फिलाडेल्फियात डिक शिकाटला हरवून तो जगज्जेता ठरला. ते महामंदीचे दिवस होते. बँका बुडत होत्या, गिरण्या थंडावत होत्या आणि लोंडोसच्या कुस्त्यांना मात्र हजारोंनी माणसं येत होती. २० सप्टेंबर १९३४ रोजी शिकागोच्या रिग्ली फील्डवर एड ‘स्ट्रँगलर’ लुईसशी त्याची लढत झाली तेव्हा ३५,२६५ तिकिटं गेली आणि ९६,३०२ डॉलर जमले. कुस्तीच्या तिकिटांवर एवढा गल्ला अमेरिकेत आधी जमलेला नव्हता.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. त्या काळच्या अमेरिकी व्यावसायिक कुस्तीचे निकाल आधी ठरलेले असत. कोल्हापूर-सांगलीकडचा रसिक तिला सरळ नूरा कुस्ती म्हणेल आणि ते चूक नाही. लोंडोसचं बळ खरं होतं, डाव खरे होते, निकाल मात्र आयोजकांच्या कचेरीत ठरत. पण खुर्च्यांवर बसलेल्या ग्रीक माणसांच्या भावनेत काहीही ठरवलेलं नव्हतं. आठवडाभर भांडी घासणारा किंवा गिरणीत धुरळा गिळणारा माणूस शनिवारी रात्री आपल्या भाषेत बोलणारा, आपल्यासारखाच रिकाम्या हातांनी इथे आलेला एक मल्ल वीस हजार अमेरिकनांना उभं राहून टाळ्या वाजवायला लावतो, हे डोळ्यांनी पाहत होता. त्याचं मोल निकालाच्या खरेपणावर ठरत नाही, असं माझं मत आहे.

१९३३ मध्ये लोंडोस मायदेशी गेला. अथेन्सच्या ज्या संगमरवरी मैदानात १८९६ चं पहिलं आधुनिक ऑलिंपिक झालं, तिथेच तो कोला क्वारियानीशी लढला. गर्दीचे आकडे साठ हजारांपासून एक लाखापर्यंत सांगितले जातात. पळून गेलेला मुलगा असा परत आला. पुढे २७ जून १९३५ रोजी बोस्टनच्या फेनवे पार्कवर आयरिश डॅनो ओ’माहोनीने त्याच्याकडून किताब घेतला. बोस्टन हे आयरिशांचं शहर, तेव्हा तिथे कोण जिंकणार हे आयोजकांना नीट कळत होतं. लोंडोस त्यानंतरही वर्षानुवर्षं लढत राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने आपल्या नावाचं वजन ग्रीसमधल्या अनाथ मुलांच्या मदतीसाठी वापरलं, आणि उतारवयात कॅलिफोर्नियातल्या एस्कोंडिडोला ॲव्होकॅडोची बाग करून राहिला. तिथेच १९७५ मध्ये तो वारला.

असा दुसरा माणूस त्यांना बोस्टनच्या रस्त्यावर सापडला, पण तिकडे यायचं तर एक जुना धागा आधी पकडावा लागतो. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये मारूसी गावचा पाणी वाहून नेणारा स्पिरिदोन लुईस मॅरेथॉन जिंकला. त्या खेळांना बोस्टन ॲथलेटिक असोसिएशनची मंडळी गेली होती. ती शर्यत बघून ती इतकी भारावली की पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, बोस्टनमध्ये तशीच शर्यत सुरू केली. म्हणजे बोस्टन मॅरेथॉन ही मुळात एका ग्रीक माणसाच्या विजयातून जन्मलेली. पण जवळजवळ पन्नास वर्षं कुणी ग्रीक ती जिंकला नव्हता. बोस्टनमधले ग्रीक दर एप्रिलला रस्त्याच्या कडेला उभे राहून इतरांना टाळ्या द्यायचे. त्यांच्यातला जॉर्ज डेमेटर, हॉटेल मिनर्व्हाचा मालक, १९३० च्या दशकापासून विजेत्याच्या डोक्यावर घालायला ग्रीसहून पानांचा मुकुट मागवायचा. मुकुट ग्रीक आणि डोकं दुसऱ्याचं, असं वर्षानुवर्षं चाललं.

स्तिलियानोस किरियाकिदिस हा स्थलांतरित नव्हता. सायप्रसच्या पाफोस जिल्ह्यातल्या स्तातोस खेड्यात १९१० मध्ये गरीब शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला आणि पोट भरायला लहानपणीच घराबाहेर पडला. लिमासोलला एका इंग्रज डॉक्टरच्या घरी तो कामाला होता. त्या डॉक्टरने त्याचं पळणं ओळखलं आणि त्याला इंग्रजीही शिकवलं. पुढे तो अथेन्सला आला, बाल्कन स्पर्धा गाजवू लागला आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनला अकरावा आला. तिथेच त्याची बोस्टनच्या जॉनी केलीशी मैत्री झाली. त्या ओळखीवर १९३८ मध्ये तो बोस्टनला धावायला गेला. पण पायात नवे बूट होते, फोड आले आणि शर्यत अर्धवट सोडावी लागली. पुन्हा येईन, असं तिथल्या वार्ताहरांना सांगून तो परतला.

मग युद्ध आलं. १९४१ मध्ये जर्मन फौजांनी ग्रीस घेतला आणि त्या हिवाळ्यात अथेन्समध्ये माणसं रस्त्यावर उपासमारीने मरू लागली. ताब्याच्या त्या वर्षांत भुकेने मेलेल्यांचा अंदाज तीन लाखांपर्यंत जातो. किरियाकिदिस अथेन्सच्या वीज कंपनीत नोकरी करून बायको आणि मुलांना जगवत होता. एकदा जर्मन सैनिकांनी त्याला अडवलं. झडतीत बर्लिन ऑलिंपिकचा पास सापडला आणि तो पाहून त्याला सोडलं, असं त्याच्या घरचे सांगत. जर्मन गेले तर देशात यादवी पेटली. धावायला अंगात अन्न लागतं आणि अथेन्समध्ये ते मिळत नव्हतं. तरीही १९४६ च्या वसंतात, ३६ वर्षांच्या वयात, हा माणूस बोस्टनला जायला निघाला. बोस्टन जिंकलं तर अमेरिका आपलं ऐकेल आणि ऐकलं तर ग्रीसमधल्या मुलांना खायला मिळेल, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

बोस्टनच्या ग्रीकांनी त्याला आपल्या पंखाखाली घेतलं. डेमेटरने हॉटेलात ठेवलं, खाऊपिऊ घातलं. ही सोय नसती तर तो सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोहोचला नसता. शर्यतीच्या डॉक्टरांनी त्याची हाडं बघितली आणि मान हलवली. ही शर्यत याला झेपणार नाही, वाटेत मरेल, असं त्यांचं म्हणणं होतं. काही झालं तर जबाबदारी माझी, असं लिहून देऊन त्याने परवानगी मिळवली. निघताना डेमेटरने त्याच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. तिच्या एका बाजूला स्पार्टाच्या आया रणात निघालेल्या मुलाला जे सांगत ते वचन होतं: ढाल घेऊन ये, नाहीतर ढालीवरून ये. दुसऱ्या बाजूला मॅरेथॉनहून धावत आलेल्या त्या जुन्या निरोप्याचे शब्द होते: आपण जिंकलो.

तो दिवस २० एप्रिल १९४६, शनिवार. ही शर्यत त्या काळी एरवी १९ एप्रिलच्या देशभक्त दिनी व्हायची, पण त्या वर्षी १९ ला गुड फ्रायडे आला. त्या वर्षी ऑर्थोडॉक्स पंथाचा आणि पाश्चात्त्य चर्चचा ईस्टर एकाच रविवारी होता. म्हणजे बोस्टनच्या ग्रीकांसाठी हा उपवासांचा शेवटचा दिवस, आणि त्याच मध्यरात्री मेणबत्त्या हातात घेऊन पुनरुत्थानाचा जयघोष करायचा होता. घराघरांत उद्याच्या कोकराची आणि लाल रंगवलेल्या अंड्यांची तयारी चाललेली. त्यातून वेळ काढून लोक शर्यत सुरू होते त्या हॉपकिंटनपासून बोस्टनपर्यंतच्या रस्त्यावर उभे राहिले.

किरियाकिदिसच्या छातीवर ७७ क्रमांक होता. सुरुवातीला त्याने घाई केली नाही. पुढे धावणाऱ्यांना जाऊ दिलं, आपला ठेका धरला आणि एकेकाला मागे टाकत गेला. न्यूटनच्या चढांवर शर्यत नेहमी फुटते. तिथून पुढे पहिल्या जागेसाठी खरे दोघेच उरले: किरियाकिदिस आणि त्याचा मित्र केली. केली बोस्टनचा लाडका. १९३५ मध्ये आणि आदल्याच वर्षी तो इथे जिंकलेला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी त्याच्याच नावाचा गजर चाललेला. दोघे कितीतरी वेळ खांद्याला खांदा लावून धावले. गर्दीतून एक म्हातारा ग्रीक ओरडला, ‘ग्रीससाठी! तुझ्या पोरांसाठी!’ किरियाकिदिस स्वतः ही गोष्ट पुढे सांगायचा. त्यानंतर त्याने जो वेग घेतला तो केलीला झेपला नाही.

एक्सेटर स्ट्रीटवरची फीत त्याने २ तास २९ मिनिटं २७ सेकंदांत छातीने तोडली. केली दोन मिनिटं मागे होता. फीत तोडताना किरियाकिदिस ओरडला, ‘ग्रीससाठी!’ आणि पहिल्यांदाच ग्रीसहून आलेला मुकुट एका ग्रीकाच्या डोक्यावर चढला. हरलेल्या केलीचा मोठेपणाही विसरता येत नाही. मी माझ्यासाठी धावत होतो आणि तो त्याच्या देशासाठी, अशा माणसाला मी कसा हरवणार, अशा अर्थाचं तो नंतर बोलला. ज्याने पराभव पचवला आणि तो सांगताना मित्राला वर धरलं, तो खेळाडू विजेत्याच्या बरोबरीचाच.

त्या रात्री बोस्टनच्या ग्रीक चर्चमध्ये पुनरुत्थानाचा जयघोष झाला तेव्हा लोकांच्या मनात काय असेल, हे कुणाला सांगायला नको.

पण त्या माणसाचं काम अजून संपलं नव्हतं. तो लगेच घरी गेला नाही. महिनाभर अमेरिकेत फिरला. जिथे ग्रीक वस्ती होती तिथे गेला, बिगरग्रीक अमेरिकनांपुढेही उभा राहिला आणि मुलांच्या उपासमारीबद्दल बोलला. वर्तमानपत्रांनी त्याचा फोटो छापला, रेडिओने त्याचं नाव घराघरांत नेलं. एरवी दुरून आलेली भुकेची बातमी पान उलटताच विसरली जाते. आता तिला एक चेहरा मिळाला होता. सुमारे अडीच लाख डॉलर रोख आणि हजारो टन अन्न, औषधं, कपडे ग्रीसला रवाना झाले. २३ मे रोजी तो अथेन्सला उतरला तेव्हा विमानतळापासून शहरापर्यंत माणसांच्या रांगा लागल्या होत्या. युद्धानंतर पहिल्यांदाच अ‍ॅक्रोपोलिसवर दिवे लावले गेले, तेही त्याच्यासाठी, असं अथेन्सकर सांगतात. एका मॅरेथॉनने एवढ्या पोटांत अन्न घातल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

यात बोस्टनच्या ग्रीकांचा वाटा किती, हे नीट पाहायला हवं. धावला किरियाकिदिस, हे खरं. पण हॉटेलची खोली, जेवण, चिठ्ठी, रस्त्यावरचा तो म्हातारा, नंतरच्या सभा, वर्गणी गोळा करणारे हात, हे सगळं त्या वस्तीचं होतं. १९२४ नंतर दार बंद झालेल्या लोकांनी युद्धाची सगळी वर्षं गावाकडच्या पत्राची वाट बघत काढली होती. त्यांनी त्या दिवशी एका माणसाला धावायला लावलं आणि त्याच्या हाती आपल्या मागे राहिलेल्या माणसांसाठी अन्न पाठवलं.

त्याच शनिवारी, बोस्टनच्या उत्तरेला लिन नावाच्या गावात एक ग्रीक मुलगा सतरा वर्षांचा झाला. लिन हे तेव्हा बुटांच्या कारखान्यांचं आणि जनरल इलेक्ट्रिकच्या कामगारांचं गाव होतं. स्पार्टा भागातून आलेल्या आगानिस दाम्पत्याच्या सात मुलांतला हा सर्वांत धाकटा. बारशाचं नाव ॲरिस्टॉटल, आई हाक मारायची ‘आरी’, आणि गल्लीतल्या पोरांनी त्याचं हॅरी करून टाकलं. हॅरी अगॅनिस.

या मुलाला चेंडू कुठल्याही आकाराचा चालत असे. चौदाव्या वर्षी तो मोठ्या माणसांच्या संघातून बेसबॉल खेळायला लागला होता. लिन क्लासिकल हायस्कूलचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा डाव चालवणारा खेळाडू, म्हणून त्याने अमेरिकन फुटबॉलमध्ये असा दरारा बसवला की शाळेच्या सामन्यांना कॉलेजला येत नाही तेवढी गर्दी व्हायला लागली. १९४६ च्या नाताळच्या रात्री मायामीच्या ऑरेंज बोल मैदानावर लिन क्लासिकलने व्हर्जिनियाच्या ग्रॅनबी हायस्कूलला २१–१४ असं हरवलं. त्याच सुमारास अगॅनिसचे वडील वारले. देशभरची कॉलेजं त्याला बोलवत होती. त्यांत नोत्र देमसारखं फुटबॉलचं माहेरघरही होतं. तो गेला नाही. आईपासून लांब जायचं नाही म्हणून त्याने घराजवळची बोस्टन युनिव्हर्सिटी निवडली.

फुटबॉलच्या नकाशावर त्या विद्यापीठाला फारशी जागा नव्हती. अगॅनिसने ती मिळवून दिली. १९४९ च्या एका हंगामात त्याने पंधरा टचडाउन पास दिले. विद्यापीठ तेव्हा आपले सामने फेनवे पार्कवर खेळायचं. चौदा वर्षांपूर्वी जिथे लोंडोसचा किताब गेला होता, त्याच मैदानावर आता गर्दी दुसऱ्या ‘गोल्डन ग्रीक’ला हाका मारत होती. वृत्तपत्रांनी ते बिरुद नव्या धन्याच्या नावाने लावून टाकलं होतं. कोरियाच्या युद्धामुळे मध्येच मरीन दलात बोलावणं आलं आणि १९५० चा हंगाम गेला. विधवा आईला पोसणारा मुलगा म्हणून त्याला सोडण्यात आलं आणि तो पुन्हा मैदानावर आला.

१९५२ मध्ये क्लीव्हलँड ब्राऊन्सने व्यावसायिक फुटबॉलच्या निवडीत पहिल्याच फेरीत त्याचं नाव घेतलं. ब्राऊन्सचे प्रशिक्षक पॉल ब्राउन त्याच्याकडे ओट्टो ग्रॅहमचा वारस म्हणून बघत होते, आणि ग्रॅहम हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक. अगॅनिसने नकार दिला आणि बेसबॉलच्या बोस्टन रेड सॉक्सशी करार केला. खेळाचा विचार केला तर हा निर्णय पुष्कळांना पटला नाही. तो फुटबॉलपटू म्हणूनच थोर ठरला असता, असं मानणारे आजही आहेत आणि मलाही तसंच वाटतं. पण रेड सॉक्स बोस्टनचे, आणि तिथून लिनमधलं घर, आई, सेंट जॉर्जचं ग्रीक चर्च सगळं जवळ. लिनमधल्या ग्रीकांना त्याचा निर्णय समजावून सांगावा लागला नाही.

१३ एप्रिल १९५४ रोजी तो रेड सॉक्सकडून फर्स्ट बेसवर उभा राहिला. पहिल्या वर्षी फलंदाजीची सरासरी .२५१ आणि अकरा होम रन. फार चमकदार नाही, पण पाया घालणारं वर्ष. त्यातला एक दिवस मात्र बोस्टनच्या जुन्या लोकांना पाठ होता. ६ जून १९५४, रविवार. फेनवेवर डेट्रॉइट टायगर्सविरुद्ध त्याने होम रन मारला आणि रेड सॉक्स जिंकले. सामना संपताच तो निघाला आणि कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूवर जवळच असलेल्या आपल्या विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाला पोहोचला. दुपारी व्यावसायिक संघाच्या गणवेशात, तर संध्याकाळी पदवीधराच्या काळ्या झग्यात. स्पार्टाकडच्या खेड्यातून आलेल्या, इंग्रजी धड न येणाऱ्या एका पिढीने मुलांकडून जे मागितलं होतं, ते एकाच दिवसात एका मुलाने पुरं केलं. पदवी आणि पराक्रम, दोन्ही.

१९५५ चा हंगाम सुरू झाला आणि अगॅनिस बहरला. पंचवीस सामन्यांत सरासरी .३१३. मग मे महिन्यात छातीत दुखायला लागलं, ताप आला, न्यूमोनिया निघाला. दहाएक दिवस इस्पितळात काढून तो संघात परतला. तो फार लवकर परतला, असं मागे वळून पाहताना वाटतं. जूनच्या सुरुवातीला दौऱ्यावर असताना पुन्हा आजारी पडला आणि त्याला परत आणून केंब्रिजच्या सांक्ता मारिया इस्पितळात ठेवलं. सुधारतोय असं वाटत असताना २७ जूनला पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली आणि तो गेला. वय अवघं सव्वीस. लोंडोसने फेनवेवर किताब गमावला त्याला त्या दिवशी बरोबर वीस वर्षं झाली होती.

लिनच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये त्याचा देह ठेवला. दर्शनाला आलेल्यांची संख्या दहा हजारांच्या घरात सांगितली जाते. त्यांत ग्रीक होते तसे आयरिश, इटालियन, पोलिश, ज्यू, कृष्णवर्णीय असे लिनचे सगळे लोक होते. १९०९ मध्ये एका ग्रीकाच्या गुन्ह्यासाठी अख्खी वस्ती जाळली गेली होती. १९५५ मध्ये एका ग्रीक मुलासाठी अख्खं गाव रस्त्यावर उभं होतं. ही सेहेचाळीस वर्षांची वाट ग्रीकांनी उपाहारगृहं चालवून, मुलांना शिकवून, युद्धात लढून कापली, हे खरं. पण ज्या दिवसांत ती वाट उजेडात दिसली ते दिवस मैदानांवरचेच होते.

तिघांच्याही आयुष्यात एक गोष्ट सारखी आहे. त्यांच्या लोकांनी त्यांना विक्रमांसाठी लक्षात ठेवलं नाही. लोंडोसबद्दल बोलताना आजची म्हातारी माणसं अनाथांचा उल्लेख करतात, किरियाकिदिसबद्दल बोलताना अन्नाच्या बोटींचा, अगॅनिसबद्दल बोलताना आईचा. खेळाडू हा या समाजासाठी आधी कुणाचा तरी मुलगा होता आणि घरासाठी काय केलं यावरच त्याची किंमत ठरत होती. हा निकष जाचक आहे, हेही मी नाकारत नाही. अगॅनिसने क्लीव्हलँडला जायला हवं होतं असं म्हणणाऱ्याला लिनमध्ये कुणी ऐकून घेतलं नसतं. पण त्या निकषावर हे तिघे स्वखुशीने उतरले.

अगॅनिसच्या मृत्यूच्या वर्षीच त्याच्या नावाने एक न्यास निघाला आणि त्यातून मुलामुलींना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. खेळात चांगले आणि अभ्यासातही चांगले, हीच त्याची अट. बोस्टन युनिव्हर्सिटीने २००५ मध्ये कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूवर उघडलेल्या आपल्या क्रीडागृहाला अगॅनिस अरीना असं नाव दिलं. किरियाकिदिस १९८७ मध्ये वारला. २००६ मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या मार्गावर, हॉपकिंटनहून निघाल्यावर साधारण एक मैलावर, त्याचा पुतळा बसवला. शेजारी १८९६ चा स्पिरिदोन लुईस आहे, जणू वाट दाखवत.

महाराष्ट्रातून आता दरवर्षी काही धावपटू बोस्टनला जातात. अवघड पात्रता वेळ गाठून, घराची आणि नोकरीची कसरत करून जातात. तुम्ही त्यांपैकी एक असाल किंवा तुमच्या घरातलं कुणी जाणार असेल, तर शर्यतीच्या दिवशी तो पुतळा बघायला थांबता येणार नाही. म्हणून एक दिवस आधी जा, त्या जागी दहा मिनिटं घालवा आणि मग सुरुवातीच्या रेषेकडे या.